३.४ स्वायत्त नियामक संस्था : अंतर आणि उत्तरदायित्व

मागील उपघटकात आपण मंत्रालये व त्यांचे विभाग यांची रचना अभ्यासली. परंतु केंद्र शासनाचे प्रत्येक काम मंत्र्यांच्या थेट आदेशाने चालत नाही. काही कामे कायद्याने स्थापन केलेल्या आणि मंत्रालयापासून काही अंतरावर ठेवलेल्या संस्थांकडे सोपवली जातात. या अंतराचे प्रयोजन भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, उदाहरणावरून समजून घेऊ.

१९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने दूरध्वनी सेवा खाजगी कंपन्यांना खुली झाली. त्या वेळी दूरसंचार विभाग परवाने देत होता आणि स्वतः सेवाही पुरवत होता. ज्याच्याशी स्पर्धा करायची, त्याच्याच हाती नियम, अशी ही स्थिती होती. म्हणून १९९७च्या कायद्याने ट्रायची स्थापना झाली. दरांचे नियमन करणे, सेवेच्या गुणवत्तेची मानके ठरवणे ही कामे त्याच्याकडे आली. मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २०११ मध्ये देशभर मिळाली, ती ट्रायच्या विनियमांनुसारच.

मात्र अंतर म्हणजे संबंधविच्छेद नव्हे. अध्यक्ष व सदस्य यांची नियुक्ती केंद्र सरकार करते. परंतु कायद्यात नमूद केलेल्या कारणांशिवाय त्यांना मुदतीपूर्वी पदावरून दूर करता येत नाही. परवान्यांविषयीच्या ट्रायच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात आणि धोरणात्मक प्रश्नांवर सरकारचाच निर्णय अंतिम असतो. २००० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन प्राधिकरणाची पुनर्रचना झाली व तंटे सोडवण्याचे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे गेले. अंतर किती असावे, हे अखेर संसद ठरवते.

आता आपल्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : मतदारांनी न निवडलेल्या या सदस्यांना जाब कोण विचारणार? ट्रायचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. त्याचे विनियम न्यायालयात तपासले जातात. संभाषण मध्येच खंडित झाल्यास ग्राहकाला एक रुपया भरपाई देण्याचा विनियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला. ग्राहकहिताचा हेतू असला तरी निर्णय वाजवी व पारदर्शक असलाच पाहिजे, हा त्यातील बोध होय. म्हणूनच स्वायत्तता आणि उत्तरदायित्व यांचा विचार तुम्ही एकत्रितपणे केला पाहिजे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ट्रायला मंत्रालयाचा एक विभाग केले, तर ग्राहक म्हणून तुमचे काय बदलेल? सकारण लिहा.