उत्तरेची बोली

नानपान आणि होंगश्वी या नद्यांनी चीनचे ग्वेइचौ आणि ग्वांगशी हे प्रांत एकमेकांपासून वेगळे केले आहेत. वरच्या अंगाला राहणारे ते बुयी आणि खालच्या अंगाला राहणारे ते च्वांग, अशी नोंद १९५० च्या दशकात सरकारदरबारी झाली. प्रत्यक्षात नदीकाठच्या बुयी माणसाला पलीकडच्या उत्तर च्वांगांचं बोलणं बऱ्यापैकी उमगतं. ग्वांगशीतल्याच उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या च्वांगांना मात्र एकमेकांचं कळत नाही. ली फांग-क्वेइ यांनी १९७७ च्या तौलनिक ग्रंथात ताई भाषांच्या तीन शाखा मांडल्या. त्यात बुयी आणि उत्तरेची च्वांग एका शाखेत बसतात, दक्षिणेची च्वांग दुसऱ्या, आणि थाई, लाओ, शान व आपल्या आसामातली आहोम तिसऱ्या. भाषेची वाटणी एक सांगते आणि प्रांताची दुसरंच. १९५६ साली बुयीसाठी रोमन वर्णमाला ठरली तेव्हा ती च्वांगशी जुळती ठेवली होती. १९८० च्या दशकात तीही वेगळी झाली.

या तीसेक लाख लोकांच्या भाषेचा नाद मला फार वर्षांपासून आहे. कांदिवलीत बसून बुयीबद्दल वाचताना मला सतत वसईची खाडी आठवते, कारण खाडीच्या दोन्ही काठांवरच्या बोलींचं हेच झालं आहे. ते कोणी केलं याचा माग काढत गेलं की १८५८ साली गोव्यात छापलेल्या एका व्याकरणापाशी येऊन थांबावं लागतं.

चारकोप, पोईसर, पलीकडे गोराई, मनोरी, उत्तन, आणि खाडी ओलांडली की वसई. या पट्ट्यातल्या जुन्या रहिवाशांच्या, म्हणजे कोळी, आगरी, भंडारी, वाडवळ, सामवेदी आणि ख्रिस्ती गावठाणवाल्यांच्या बोली एकमेकींना लागून आहेत. मूर्धन्य वर्ण त्यांच्यात सैल पडतात. कोळ्याची होडी 'होरी' होते, पाणी 'पानी' होतं, आणि ख्रिस्ती घरातलं लुगडं 'लुगरा' होतं. मला म्हणायला 'मना'. खाडीपलीकडच्या सामवेदीत 'स'चा 'ह' होतो, तिथे गुजरातीची चाहूल लागते. गावागणिक थोडं बदलत जातं, पण अमुक एका वेशीवर एक भाषा संपली आणि दुसरी सुरू झाली असं दाखवता येत नाही.

आता ते व्याकरण. नोव्हा गोव्याच्या सरकारी छापखान्यातून निघालेल्या या पुस्तकाचं लांबलचक पोर्तुगीज शीर्षक मराठीत असं होईल: 'उत्तरेच्या बोलीतील कोंकणी भाषेचे व्याकरण, सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने रचलेले, आणि आता प्रथमच छापलेले'. लेखकाचं नाव नाही. दोनशे वर्षं हस्तलिखितातच राहिलेला हा मजकूर. गोव्याच्या साष्टीतल्या थॉमस स्टीफन्सचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर का होईना, १६४० साली रायतूरला छापलं गेलं. ठाण्याच्या साष्टीतल्या बोलीवर मेहनत घेणाऱ्या या माणसाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. आपल्या घराजवळच्या बोलीचं इतकं जुनं व्याकरण एका निनावी परक्याने लिहून ठेवलं, याचं मोल मराठीच्या अभ्यासाने अजून पुरेसं केलेलं नाही असं माझं मत आहे.

ते छापणारा माणूस जोआकिम हेलिओदोरो दा कुन्हा रिव्हारा. जन्म १८०९, पोर्तुगालमधलं आरायोलुश गाव. शिक्षण वैद्यकाचं, पण पुढची वर्षं गेली एव्होराच्या सार्वजनिक ग्रंथालयात, जुन्या कागदांत. १८५५ साली तो पोर्तुगीज हिंदुस्थान सरकारचा मुख्य सचिव होऊन गोव्यात आला आणि दोन दशकांहून अधिक काळ राहिला. १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढलं होतं की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. त्याच सरकारचा हा सचिव लोकांना त्यांच्या भाषेची थोरवी पटवून देऊ लागला. १८५७ मध्ये त्याने स्टीफन्सचं व्याकरण पुन्हा छापलं आणि कोंकणी भाषेवर ऐतिहासिक निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी उत्तरेचं व्याकरण आलं. कोंकणी ही अशुद्ध, बिघडलेली बोली आहे या समजावर त्याने कोरडे ओढले. पदावर बसून एवढं करणारा दुसरा अधिकारी मला त्या काळात दिसत नाही, आणि त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

मात्र शीर्षकातल्या 'उत्तरे'पाशी मी अडतो. पोर्तुगीजांच्या कारभारात 'नोर्त' ही नुसती दिशा नव्हती. वसई, चौल, दमण, दीव मिळून 'प्रोव्हिन्सिया दो नोर्त', म्हणजे उत्तर प्रांत होता. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे आली, पाठोपाठ साष्टी बेट. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर फ्रान्सिस्कनांचा मठ उभा राहिला तो याच राजवटीत. गोव्याच्या राजधानीतून पाहताना या प्रांतातली बोली ही आपल्याच भाषेची उत्तरेकडली शाखा वाटणं साहजिक होतं. माझा तर्क असा की बोलीला नाव मिळालं ते प्रांताचं. ग्वेइचौत राहतो म्हणून बुयी, तसं हे. आणि रिव्हाराने पुस्तक छापलं तेव्हा चिमाजी अप्पांनी वसई घेऊन ११९ वर्षं लोटली होती. प्रांत मोडला, बोलीवरची चिठ्ठी तशीच राहिली.

ही चिठ्ठी पहिल्यांदा नीट तपासली ती ग्रिअर्सन यांच्या हिंदुस्थानच्या भाषिक सर्वेक्षणाने. १९०५ चा सातवा खंड मराठीचा. तो सिद्ध केला नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी. त्यांनी गोव्याची कोंकणी वेगळी काढली आणि उत्तर कोकणातल्या कोळी, आगरी, परभी, 'किरिस्ताव' वगैरे बोली देशावरच्या मराठीच्या जवळ नेऊन ठेवल्या. कांदिवलीच्या ख्रिस्ती शेतकऱ्याचं बोलणं मडगावच्या ख्रिस्ती माणसापेक्षा शेजारच्या आगऱ्याच्या बोलण्याशी अधिक जुळतं, हे गावठाणात कान देणाऱ्या कोणालाही पटेल. मला कोनोंचाच निवाडा बरोबर वाटतो.

पण कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हे भांडण तेवढ्यावर मिटणारं नव्हतं, कारण त्याचा खरा विषय गोवा होता. अ. का. प्रियोळकर हे गोव्याचेच. कोंकणी ही मराठीची बोली आहे, हे मत त्यांनी आयुष्यभर हिरिरीने मांडलं. १९५८ साली मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने त्यांचा हिंदुस्थानातल्या मुद्रणाचा इंग्रजी इतिहास काढला. त्या ग्रंथात प्रियोळकरांनी रिव्हाराचा संपूर्ण निबंध, फादर थिओफिलस लोबो यांच्या इंग्रजी अनुवादात, सामावून घेतला. ज्याचा निष्कर्ष आपल्याला मान्य नाही त्याचा निबंध शंभर वर्षांनी स्वतःच्या पुस्तकातून जगापुढे ठेवायचा, ही संशोधकाची दानत होती. आज पोर्तुगीज न येणारा वाचक रिव्हाराला वाचतो तो बहुधा प्रियोळकरांच्याच कृपेने. पुढे साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत गेली. गोव्यापुरता प्रश्न सुटला आणि तो योग्यच सुटला. उत्तरेची बोली मात्र या साऱ्या वादात दोन्ही बाजूंना पुराव्यापुरतीच हवी होती.

तिचे बोलणारे तोवर निराळ्या वाटांनी गेले होते. साष्टी बेट १७७४ मध्ये इंग्रजांकडे आलं. मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे दिसावं म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीच्या वर्षी, इथल्या ख्रिस्त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. घरात मराठी बोली, नाव मात्र इंग्रजी. चर्च आणि शाळा इंग्रजीकडे वळल्या. खाडीपलीकडे वसईत उलट झालं. तिथल्या ख्रिस्त्यांनी शाळेत मराठी घेतली, प्रार्थना मराठीत आणली, 'सुवार्ता' मासिक चालवलं, आणि त्यांच्यातल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. एकाच साखळीतल्या बोली, पण पलीकडची देवनागरीत लिहिली जाते आणि अलीकडची, लिहिलीच तर, बहुतेकदा रोमनमध्ये.

रोमन लिपी इथे नवी नाही. फ्रान्सिस्कू व्हाझ द गिमाराइंश या पाद्रीचं ख्रिस्ताच्या मरणयातनांवरचं पुराण याच भागातल्या बोलीत रचलेलं आहे. ते १६५९ साली लिस्बनमध्ये रोमन लिपीतच छापलं गेलं आणि १८४५ साली मुंबईत त्याची पुन्हा आवृत्ती निघाली. मुंबईत पुस्तक निघायचं तर विकत घेणारे, ऐकणारे लोक इथे असणार.

कांदिवलीच्या गावठाणांतून आज लग्नात उंबराच्या पाण्याला बँड वाजतो, ऑक्टोबरात आगेरा हा सुगीचा सण होतो, बाटली मसाला कुटला जातो. लग्नाची गाणी जुन्या बोलीत म्हणणाऱ्या बायका साठीच्या पुढच्या आहेत, त्यांच्या नातवंडांशी त्या इंग्रजीत किंवा हिंदीत बोलतात. म्हणून मला घाई आहे ती एका साध्या कामाची: १८५८ च्या व्याकरणातली क्रियापदांची रूपं आणि सर्वनामं देवनागरीत उतरवावीत, आणि चारकोप, गोराई, उत्तन, वसईतल्या म्हाताऱ्या माणसांकडून तीच रूपं बोलून घेऊन शेजारी मांडावीत. ग्वेइचौ आणि ग्वांगशीत १९५० च्या दशकात बोलींची अशीच पाहणी केली गेली. आपल्याकडे अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत कुडाळी घेतली, ठाण्याची वारली घेतली. त्यांच्या शेजारी ठेवायला साष्टीचा खंड हवा, आणि त्याची पहिली पानं त्या निनावी मिशनऱ्याने लिहून ठेवलेलीच आहेत.