पावसाला आरोपी करण्याची सवय

जून उजाडून खंडाळ्याच्या, कशेडीच्या किंवा आंबोलीच्या घाटात पावसाने जोर धरला, की एखादी मोटार पुढच्या वाहनावर आदळते अथवा कठडा तोडून खाली जाते, आणि जखमींना बाहेर काढण्याचे काम पुरे होण्यापूर्वीच जमलेल्यांपैकी कोणीतरी निवाडा देऊन मोकळा होतो : 'पाऊसच असा होता, त्यात ड्रायव्हरचा काय दोष? देवाची करणी!' हे उद्गार सुशिक्षितांच्या तोंडूनही इतक्या वेळा ऐकावे लागतात, आणि त्यांच्यामागे जबाबदारी झटकण्याची वृत्ती इतकी उघड असते, की त्यांची एकदा सविस्तर झडती घेणे अगत्याचे झाले आहे.

दैवी आपत्तीचा बचाव कायद्याला अपरिचित नाही. परंतु शहाण्यासुरत्या माणसाला जिची पूर्वकल्पना येणे शक्य नव्हते आणि वाजवी खबरदारी घेऊनही जी टळली नसती, अशाच घटनेपुरता तो मर्यादित आहे. धावत्या गाडीवर अकस्मात दरड कोसळली, तर चालकाची ही सबब विचारात घ्यावी लागेल. पण जुलै महिन्यात कोकणातला रस्ता ओला असावा, घाटमाथ्यावर धुके उतरावे, वळणावर माती वाहून आलेली असावी, यांत अकल्पित असे काय आहे? ज्याला समोरचा पाऊस दिसत होता, त्याला वेग आवरण्याची सूचना त्या पावसानेच दिलेली होती. १९७६ साली, रिमझिम पावसात उलटलेल्या एका प्रवासी बसच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की वाजवी काळजी घेऊन चालवलेले वाहन सहसा अपघातात सापडत नाही. म्हणून अपघाताचे स्वरूपच पुष्कळदा हयगयीचा पुरावा ठरते.

हवामान बिघडले म्हणजे चालकावरील जबाबदारी घटत नाही, उलट वाढते, हे पटत नसेल तर साधे गणित करून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे धोका ध्यानी येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर तुटलेले असते. त्यानंतर कोरड्या डांबरावर थांबायला साधारण २० मीटर पुरत असतील, तर ओल्या रस्त्यावर ३५ किंवा त्याहूनही अधिक लागतात, आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतरचे हे अंतर चौपट होते. फलकावरील आकडा ही कमाल मर्यादा आहे, धुक्यातही तेवढ्या वेगाने जाण्याची मुभा नव्हे! 'पुढच्याने एकदम ब्रेक मारला' ही तक्रारही तितकीच पोकळ आहे. पुढचे वाहन अचानक थांबले तरी धडक होणार नाही एवढे अंतर राखण्याचे बंधन नियमानेच मागच्या चालकावर घातले आहे, आणि २०१८ सालच्या निशान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दहा-पंधरा फुटांचे अंतर सुरक्षित मानण्यास नकार दिला.

चालकाचा कसूर सिद्ध झाला नाही म्हणजे पीडितांचा हक्क संपला, असेही नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ प्रमाणे मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपयांची भरपाई कोणाचाही दोष सिद्ध न करता मागता येते. २००१ साली कौशनुमा बेगम प्रकरणात, जीपचे टायर फुटून पादचारी दगावला असता, चालकाची हयगय नसतानाही सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा हक्क मान्य केला होता. 'नशिबाचा खेळ' म्हणून गावकरी ज्या विधवेची समजूत घालतात, तिला हे कलम कोणी सांगत नाही, याची खरोखर चीड येते.

असे आणखीही काही गैरसमज आहेत. विमा असला की चालक सुटला, हा समज चुकीचा आहे : भरपाई विमा कंपनी देईल, पण बेदरकारपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली चालकावरच राहतो, आणि त्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी हाकणे सुरक्षित नाही, कारण वळण्याचा इशाराच मागच्याला कळेनासा होतो. धुक्यात दिव्यांचा झोत वर केल्यास प्रकाश उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. झोत खालीच ठेवावा. एबीएस या ब्रेकयंत्रणेमुळे ओल्या रस्त्यावर गाडी हमखास लवकर थांबते असे नाही. चाके न अडकता ती वळवता येते, एवढेच. जमावापासून जिवाला भय असल्यास चालकाने घटनास्थळ सोडणे समजू शकते, पण जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत वर्दी देणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ प्रमाणे बंधनकारक आहे. आणि जखमीला सद्भावनेने इस्पितळात नेणारा वाटसरू खटल्यात अडकतो, ही भीती तर आता सर्वस्वी निराधार आहे. त्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.