बीजें वाढलीं, पण रुजलीं किती?

नुसतें बियाणें दुप्पट पेरून पीक दुप्पट येत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. जनावरांची वंशवृद्धि व्हावी म्हणून जीं औषधें दिलीं जातात त्यांच्याविषयीं मात्र हीच गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मादीच्या बीजकोशांतून अधिक बीजें सुटलीं कीं पिलेंहि तितकींच अधिक होणार, असें सहजच वाटतें. प्रयोगशाळेचा अनुभव निराळा आहे.

उंदराच्या मादीचें उदाहरण घ्यावें. एरवीं तिच्या बीजकोशांतून एका वेळीं आठ-दहा बीजें सुटतात. बीजवाहिनींत तीं फलित होतात, आणि त्यांचे गर्भ तिसऱ्या-चौथ्या दिवशीं गर्भाशयांत उतरतात. चौथ्या दिवसाच्या अखेरीस त्यांना गर्भाशयाच्या भिंतीस चिकटून रुजावयाचें असतें. पण ही भूमि सदैव तयार नसते. प्रोजेस्टेरोन नांवाच्या अंतःस्रावानें ती आधीं सिद्ध व्हावी लागते, आणि मग इस्ट्रोजेन ह्या दुसऱ्या स्रावाचा अगदीं अल्प अंश तिला मिळावा लागतो. तो मिळाला कीं जणूं दार उघडतें, आणि थोड्याच वेळांत पुन्हा मिटतें. अमेरिकेंत एस. के. डे व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००३ सालीं असें दाखवून दिलें कीं, इस्ट्रोजेनचें प्रमाण कमी ठेवल्यास हें दार अधिक काळ उघडें राहतें, आणि वाढविल्यास लौकर बंद होतें. पुढील सर्व प्रकरणाचें मर्म ह्या एका गोष्टींत आहे.

कॅलिफोर्नियांत कोल व हार्ट ह्यांना १९३० सालीं गाभण घोडीच्या रक्तद्रवांत बीजकोशास चेतविणारें द्रव्य आढळलें. पुढें १९५७ सालीं रूथ फाउलर व रॉबर्ट एडवर्ड्स ह्यांनीं अशा द्रव्यांचीं इंजेक्शनें देऊन प्रौढ उंदरांच्या माद्यांत नेहमींहून कितीतरी अधिक बीजें सोडविलीं, व त्या माद्या गाभणहि राहिल्या. (हेच एडवर्ड्स पुढें २०१० सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.) परंतु असे चेतविलेले बीजकोश नुसतीं बीजें सोडून स्वस्थ बसत नाहींत, ते इस्ट्रोजेनहि भरमसाट ओततात. त्याच्या अतिरेकाचा परिणाम बर्डिक व पिंकस ह्यांनीं १९३५ सालींच पाहिला होता. मोठ्या मात्रेनंतर उंदरांचीं व सशांचीं बीजें वाहिनींतच अडकून पडत. जें गर्भाशयापर्यंत पोंचलेंच नाहीं तें रुजणार कोठून?

पण पोंचल्यावरहि रुजत नसेल, तर दोष बीजाचा कीं भूमीचा? नॉर्वेंतील दोन संशोधकांनीं २००१ सालीं ह्यासाठीं अदलाबदलीचा प्रयोग केला. औषध न दिलेल्या माद्यांचे निरोगी गर्भ त्यांनीं औषध दिलेल्या माद्यांच्या गर्भाशयांत ठेवले. ते कमी रुजले, आणि रुजलेल्यांपैकींहि अधिक मेले. दुसऱ्या बाजूस, औषधाच्या जोरावर मिळविलेले गर्भहि वाढींत मागें पडलेले आढळले. म्हणजे दोष दोन्हीकडे होता.

क्लोमिफीनची कथा तर ह्याहून विलक्षण. १९६० सालीं मोठ्या पांढऱ्या उंदरांवरील प्रयोगांत तें गर्भधारणा रोखणारें म्हणून पुढें आलें, आणि पुढच्याच वर्षीं स्त्रियांत तें बीज सोडविणारें ठरलें! हा विरोध वरवरचा आहे. क्लोमिफीन इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतें. मेंदूंत ही जागा अडली म्हणजे शरीरांतील इस्ट्रोजेन संपलें असा समज होतो, आणि पिट्युइटरी ग्रंथि बीजकोशास अधिक जोरानें हांकूं लागते. गर्भाशयांत तीच जागा अडली म्हणजे उंदराच्या गर्भास हवा असलेला तो अल्प अंश लागूं पडत नाहीं. मात्र उंदरांचा निष्कर्ष जसाच्या तसा इतरांस लावूं नये. सशाचा गर्भ ह्या जादा इस्ट्रोजेनवांचून, केवळ प्रोजेस्टेरोनवर रुजतो.

गाईंच्या बाबतींत पशुवैद्यांनीं ह्यांतून व्यवहाराची वाट काढली आहे. उत्तम गाईस औषध देऊन पुष्कळ बीजें सोडवावयाचीं, रेतन करावयाचें, आणि सातव्या दिवसाच्या सुमारास नळीनें गर्भाशय धुऊन गर्भ बाहेर काढावयाचे. ते ठेवावयाचे औषध न घेतलेल्या साध्या गाईंत. ह्या गाई मात्र त्याच सुमारास माजावर आलेल्या हव्या. एम. सी. चँग ह्यांनीं १९५० सालीं सशांत हेंच पाहिलें होतें. गर्भाचें वय व गर्भाशयाची वेळ जुळली नाहीं तर गर्भ टिकत नाहीं. घोडीचें द्रव्य गाईच्या रक्तांत कित्येक दिवस रेंगाळतें व बीजकोशास नको तेव्हांहि चेतवीत राहतें. म्हणून आतां बहुधा पिट्युइटरीपासून मिळणारें, लौकर विरून जाणारें द्रव्य वापरतात. तें चार दिवस सकाळ-संध्याकाळ टोचावें लागतें. गाईवाल्याची दगदग वाढते, पण धुऊन काढलेल्या द्रवांत धडधाकट गर्भ अधिक सांपडतात.