तांबड्या शिडांची घरगुती नाव

शिडाची होडी बाळगणे हा तालेवारांचा शौक आणि ती बांधणे हा पिढीजात कारागिरांचा मक्ता, ही जी समजूत इंग्लंडात दीर्घकाळ रूढ होती, तिला १९६३ च्या जानेवारीत लंडनच्या नौकाप्रदर्शनात मांडलेल्या अकरा फुटांहूनही आखूड अशा एका प्लायवुडच्या होडीने जबर धक्का दिला. 'डेली मिरर' या दैनिकाने तिचा पुरस्कार केला, म्हणून तिचे नाव 'मिरर' पडले. दूरचित्रवाणीवर घरदुरुस्तीचे पाठ देणारे बॅरी बकनेल यांची युक्ती आणि अनेक लोकप्रिय होड्यांचे आराखडे काढणारे जॅक होल्ट यांची नौकाशास्त्रातील जाण, या दोहोंच्या संयोगातून ती सिद्ध झाली. सर्व सुट्या भागांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, म्हणजे सामान्य कामगाराच्या सुमारे चार आठवड्यांच्या मजुरीइतकी होती.

जुन्या रीतीत आधी बरगड्यांचा सांगाडा उभारून त्यावर एकेक फळी तासून, वाकवून बसवावी लागे, आणि त्यात वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने आलेले कसब अपरिहार्य असे. येथे मात्र प्लायवुडचे तक्ते अचूक आकारात कापलेलेच मिळत. त्यांच्या कडांना छिद्रे पाडून तांब्याच्या तारेने ते शिवले आणि तारा पिळून आवळल्या, की सपाट तक्ते आपोआप बाक घेत; कारण नावेचा घाट कडांच्या वक्ररेषांतच आखून ठेवलेला असे. मग सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेत भिजवून बसवली, की सांधा जलाभेद्य होई. शिवलेल्या जहाजांहून ही रीत वेगळी: गोव्यात बांधून २०२५ साली भारतीय नौदलात दाखल झालेल्या 'कौंडिण्य' जहाजात फळ्यांना जन्मभर धरून ठेवण्याचा भार काथ्याच्या शिवणीवर आहे. 'मिरर'ची तार मात्र शिंप्याच्या कच्च्या टाक्यासारखी, पक्का सांधा होईतोवरचीच.

सांगाड्याची गरज न उरल्याने होडी हलकी झाली. सुमारे ४५ किलो वजनाचे तिचे अंग दोन माणसे सहज उचलू शकतात. डोलकाठी आखूड असून शिडाचा वरचा भाग तिच्याबरोबर उभ्या चढणाऱ्या परबाणाने तोलला जातो. त्यामुळे सर्व काठ्या होडीच्या लांबीत मावतात आणि सारा सरंजाम मोटारीच्या टपावरून नेता येतो. छाटलेल्या नाळेमुळे आखूड लांबीतही पुढे भरपूर रुंदी मिळते, आणि हवाबंद कप्प्यांमुळे होडी उलटली तरी बुडत नाही. दिवसभराच्या सफरीला दोघांना ती पुरते. रात्री काठावर ओढून घेऊन शिडाच्या आडव्या काठीवर कनात टाकली, तर निवाऱ्याचीही तजवीज होते. मात्र तिचे काठ बुटके असल्याने आडोशाचे पाणी हेच तिचे खरे क्षेत्र.

तथापि तिने ही मर्यादाही प्रसंगी ओलांडली. १९९७ साली श्रॉपशरमधून 'जॅक द क्रो' नावाची 'मिरर' घेऊन निघालेले ए. जे. मॅकिनन हे शिक्षक इंग्लंडचे कालवे, इंग्लिश खाडी आणि युरोपातील नद्या पार करून डॅन्यूबच्या मुखाशी, काळ्या समुद्रापर्यंत पोहोचले.

आजवर अशा ७० हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. स्वस्ताई आणि वृत्तपत्राची जाहिरात यांचा त्या यशात वाटा आहेच. परंतु जे अवघड होते ते आराखडा करणाऱ्याने स्वतःच्या शिरावर घेऊन, बांधणाऱ्याकडे केवळ चिकाटीचे काम ठेवले, हे त्याचे मूळ कारण होय. हौशी माणसाच्या अनभ्यस्त हाताला दोष न देता त्या हाताला झेपेल अशीच रचना शोधणे, हीही उच्च प्रतीची कारागिरीच म्हटली पाहिजे.