देशासाठी खेळण्याचे स्वप्न आणि गावचे मैदान

आपल्या देशाच्या संघातून मोठ्या स्पर्धेत खेळावे, हे प्रत्येक खेळाडूचे स्वप्न असते. फुटबॉल खेळणाऱ्या मुलासमोर विश्वचषकाचे शिखर लहानपणापासून उभे असते. त्या शिखरावर भारतीय संघ अद्याप पोहोचलेला नसला, तरी ते कोठे आहे हे त्या मुलाला ठाऊक असते. खो-खो खेळणाऱ्या मुलीसमोर मात्र असे शिखर दीर्घ काळ नव्हते. या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झाली. अशा परिस्थितीतही धाराशिव जिल्ह्यातील मुलींनी हे स्वप्न पाहिले आणि ते साकारही केले. हे कसे घडले, याचा विचार शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी या सर्वांनाच मार्गदर्शक ठरेल.

अल्प साधनांचा खेळ

वारंवार अवर्षणाचे चटके सोसणाऱ्या या जिल्ह्यात खो-खो रुजला, हे या खेळाच्या स्वरूपाला धरूनच आहे. सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद अशी सपाट जागा, दोन खांब आणि चुन्याच्या रेषा एवढ्यावर मैदान तयार होते. आठ खेळाडू पाठलागासाठी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व नववा धावतो. समोरचे खेळाडू तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरून बचाव करतात. चपळता, दम आणि क्षणार्धात निर्णय घेण्याची शक्ती हेच येथील भांडवल होय. बॅट, रॅकेट वा महागडे बूट यांची गरज नाही. परंतु साधने लागत नाहीत, याचा अर्थ खेळाडूला काहीच लागत नाही, असा मात्र नव्हे.

सारिका काळे यांचे उदाहरण

धाराशिवच्या सारिका काळे यांनी वयाच्या तेराव्या वर्षी खो-खो खेळण्यास प्रारंभ केला. वडील अपंग, आई घरी शिवणकाम करणारी आणि घराची भिस्त आजी-आजोबांच्या कमाईवर, अशी त्यांची परिस्थिती होती. खेळाच्या सुरुवातीच्या काळात सुमारे दहा वर्षे आपल्याला एक वेळच्या जेवणावर राहावे लागले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. शिबिरास वा स्पर्धेस गेल्यावरच चांगला आहार मिळत असे.

हे विधान आपण लक्षपूर्वक वाचले पाहिजे. मैदानावर तासन्‌तास धावणाऱ्या मुलीला शिबिर संपले की पुन्हा अर्धपोटी राहावे लागे. तिच्या अंगी गुण होते आणि प्रशिक्षकही लाभले होते. उणीव होती ती भाकरीची.

२०१६ हे वर्ष त्यांच्या यशाचे, तसेच कसोटीचेही ठरले. गुवाहाटी येथे झालेल्या बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी आर्थिक विवंचनेमुळे खेळ कायमचा सोडण्याचा विचार त्यांच्या मनात आला व त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी त्यांची समजूत घातली आणि त्या मैदानावर परतल्या. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोपटूला हा सन्मान बावीस वर्षांनी लाभला होता. त्या वेळी त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम पाहत होत्या.

पुढे २०२५ च्या विश्वचषकात भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. या विजेत्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. एकीने चाललेली वाट दुसरीसाठी मळवाट झाली.

कोणी काय करावे?

शालेय स्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशी शिडी आहे. शासकीय सेवेत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणाची तरतूदही आहे. परंतु या शिडीच्या वरच्या पायऱ्या गाठण्यापूर्वीच अनेक मुली मैदान सोडतात. घरी काम असते, परगावी पाठविण्यास पालक कचरतात, प्रवासखर्चाची अडचण येते, आणि पुढे लग्नाची बोलणी सुरू होतात.

येथेच गावाची जबाबदारी सुरू होते. ग्रामपंचायतीने शाळेजवळची जागा अतिक्रमणापासून राखावी, ती सपाट करून दोन खांब रोवावेत व पिण्याच्या पाण्याची सोय करावी. शिक्षकांनी पालकांची भेट घ्यावी. स्पर्धेस जाताना सोबत शिक्षिका असेल, तर पालकांची निम्मी काळजी दूर होते. सरावानंतर मुलींना मूठभर शेंगदाणे व गूळ देणे एखाद्या गावाला जड जाऊ नये. खेळाडू खचला असता त्याच्या घरी जाणारा एखादा वडीलधारा माणूस असणे, हे तर कोणत्याही अनुदानाहून मोलाचे आहे.

पदक मिळाल्यावर मिरवणूक काढण्यास सारा गाव जमतो. परंतु खेळाडूला गावाची खरी गरज त्यापूर्वीच्या दहा वर्षांत असते. आज शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या मुलींपैकी सायंकाळी कोण उपाशी निजते, याची चौकशी आपण केली, तर देशासाठी खेळण्याच्या त्यांच्या स्वप्नाला गावातच पहिला आधार मिळेल.