बसखालचे पाय

उतारवयात मोटार शिकण्याचा संकल्प केला तेव्हा पहिल्याच दिवशी स्टिअरिंग हाती येईल अशी माझी भाबडी अपेक्षा होती. परंतु कोल्हापुरातील त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी मला प्रथम बाकावर बसविले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अशा शाळेस फळा, चिन्हांचे तक्ते आणि रस्त्यांचा आराखडा काढलेली पाटी बाळगण्याचा दंडक घातला आहे, आणि हा सरंजाम बहुधा तपासणीपुरताच भिंतीवर लटकत असावा असा माझा समज होता. येथे मात्र पाटीवरील चौकाचा रंग बोटांनी झिजून गेला होता.

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेची तयारी लवकर उरकली. त्रिकोण हा इशारा, वर्तुळ हा हुकूम, एवढे उमगले की बाकीचे पाठांतर. आणि शेकडा ६० उत्तरे बरोबर आली की सरकारचे समाधान होते.

मास्तरांचे होत नसे. पाटीवर खेळण्यातली एस.टी. थांब्याशी उभी करून ते विचारीत, "मागनं तुम्ही येताय. काय दिसतंय?"

"बस."

"बसच्या खाली बघा की, साहेब. पाय दिसले की माणूस पुढनं बाहेर येणार."

उभ्या रिक्षाचे पुढचे चाक वळलेले असेल तर ती निघणार, उभ्या मोटारीत ड्रायव्हरच्या जागी डोके दिसले तर दार उघडणार, अशी त्यांची अनुमानपद्धती होती. न्यायशास्त्रातील धूर आणि अग्नी मला महाविद्यालयात जितके समजले नव्हते, तितके त्या पाटीपाशी समजले.

तरीही चुकलोच. गळिताचा हंगाम होता. तिन्हीसांजेस एका फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा जात होता. ट्रॉली पुढून सरकली, रस्ता मोकळा झालासे वाटून मी क्लच सोडू लागलो, तोच माझा पाय ज्यावर नव्हता ती ब्रेकची पट्टी आपोआप खाली गेली आणि मोटार गचका देऊन बंद पडली. मास्तरांच्या पायाखालीही ब्रेक असतो, याचा मला साफ विसर पडला होता. काचेपुढून, दिवा नाही की लाल पट्टी नाही, अशी दुसरी ट्रॉली उसाची पाने घासत निघून गेली.

"एका ट्रॅक्टरला ट्रॉल्या किती?"

"दोन," मी म्हणालो.

शाळेत परतल्यावर मास्तरांनी वहीत तारीख घातली, 'सायं. ६ ते ६.३०' असे लिहिले आणि सहीसाठी वही माझ्यापुढे सरकविली.