टँकर ते हेलिकॉप्टर : मराठवाड्याची पन्नास वर्षं

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातुरात पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याआधी महिनाभर शहरातल्या पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. आणि सप्टेंबर २०२५मध्ये शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यात, भूम-परंड्याच्या गावांतून माणसं हेलिकॉप्टरनं बाहेर काढावी लागली. दोन्ही वेळी जिल्हे 'दुष्काळी पट्ट्यातले'च होते.

या पट्ट्याची कहाणी सांगताना मराठवाडी माणूस सुरुवात करतो ती बहात्तरच्या, म्हणजे १९७२च्या दुष्काळापासून. ओळीनं पाऊस हुकला, खरीप गेलं, रब्बी पेरलीच नाही. म्हातारी माणसं अजून सांगतात की तेव्हा खायला दाणा नव्हता, पण विहिरीत पाणी होतं. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर लोक जगले. खडी फोडायला, पाझर तलाव खणायला, नालाबंडिंगला बाया-बापे एकत्र गेले. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला बळ मिळालं ते या दुष्काळात. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे देशभरच्या रोजगार हमीला तोच नमुना ठरला. दुष्काळानं दिलेली ही सर्वांत भक्कम गोष्ट, यात वाद नाही.

पण त्याच दुष्काळानंतर एक गोष्ट फारशी कुणाच्या डोळ्यावर न येता बदलली. विजेचे पंप आले, मागोमाग बोअर आले आणि जमिनीखालचं पाणी उपसून ऊस उभा राहिला. पैठणच्या जायकवाडीनं १९७६पासून गोदाकाठी कालव्याचं पाणी दिलं, तिथंही ऊसच वाढला. कारखाने निघाले, कारखान्यांभोवती राजकारण. रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं त्या हंगामातही मराठवाड्यात उसाचं गाळप झालं होतं. बहात्तरला विहिरीत असलेलं पाणी २०१६ला का नव्हतं, याचं अर्धं उत्तर आभाळात शोधून सापडणार नाही.

कोरडवाहू रानात याहून मोठा बदल झाला. खरिपाची ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आलं. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नव्हता: शंभर-एक दिवसांत हातात येणारं, बाजारात लगेच रोख देणारं पीक कोण सोडेल? ज्वारी गेली तसा कडबाही गेला, हे मात्र चटकन लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते २०१३ला आणि पुन्हा २०१९ला, जनावरं चारा छावण्यांत बांधावी लागली तेव्हा. २०१२-१३मध्ये जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षं जोपासलेली झाडं सरपण म्हणून तोडली गेली.

मग पावसानं वेळ बदलली. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू-हरभरा काढणीला आला असताना, गारपिटीनं रब्बी झोडपली. त्यापाठोपाठ दोन पावसाळे कोरडे. खरा घाव बसू लागला तो परतीच्या पावसाचा. सोयाबीन पिकतं सप्टेंबर-अखेरीस, आणि नेमका तेव्हाच पाऊस ठिय्या देऊन बसतो. २०१९ला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले. २०२१च्या सप्टेंबरअखेर 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष बंगालच्या उपसागरावरून थेट मराठवाड्यावर येऊन बरसले. हवामान खात्यानंही २०२०मध्ये मोसमी पावसाच्या माघारीच्या सरासरी तारखा पुढे सरकवल्या. मुंबईची २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. (जुनी ज्वारीही अशा पावसात काळी पडायचीच, पूर्वी सगळं आलबेल होतं असं कुणी म्हणू नये. पण काळी का होईना, ती घरात खाता यायची.)

सरकारी मोजपट्टी या बदलामागून धावते आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. आठ दिवस रिपरिप चालून सोयाबीन सडलं तर? त्यासाठी 'सततचा पाऊस' ही आपत्ती म्हणून मान्य व्हायला २०२३ उजाडलं. शिवाय पर्जन्यमापक मंडळाच्या गावी आणि ढगफुटी तिसऱ्याच शिवारात, हे पंचनामा करणाऱ्या प्रत्येक तलाठ्याला ठाऊक आहे.

२०२५च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, गोदावरी यांच्या काठी पीक गेलंच, पण काही ठिकाणी काळी मातीच खरडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं. माती आणायची कुठून? ऑक्टोबरात राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचं काम धरलं आहे.

याच वर्षी एक रुपयात पीकविमा बंद झाला. तो गैरव्यवहारांनी बदनाम झाला होता, हे खरं. पण सोबत स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान यांचं संरक्षणही काढून टाकलं आणि भरपाई फक्त पीककापणी प्रयोगावर ठेवली. बोगस अर्जांचा बंदोबस्त करायचा सोडून खऱ्या शेतकऱ्याची छत्री काढून घेतली गेली, तीही नेमक्या महापुराच्या हंगामात. सोयाबीन कापून गंजी लावल्यावर पाऊस येणं ही या पट्ट्यातली आता नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे निदान काढणीनंतरच्या नुकसानीचं संरक्षण पुढच्या खरिपाच्या आधी परत मिळायला हवं, आणि पर्जन्यमापक मंडळावरून गावात यायला हवा.